गामेलानसाठीच्या नव्या रचना: आधी बंदिश की आधी वाद्यमेळ?

कांस्यनाद

नमस्कार. या धाग्याचे निमित्त एका फजितीचे आहे. मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि गेली चार वर्षे आमच्या शहरातील एका हौशी जावानीज गामेलान गटात, म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या काशाच्या वाद्यमेळात, सारोन वाजवतो. सारोन म्हणजे पोकळ लाकडी पेटीवर मांडलेल्या सहा किंवा सात जाड काशाच्या पट्ट्या. उजव्या हातातल्या हातोडीने पुढची पट्टी वाजवायची आणि त्याच क्षणी डाव्या हाताच्या चिमटीत मागची पट्टी धरून तिचा नाद थांबवायचा, एवढेच काम असते. पण या दोन हातांचे आपसात जमेपर्यंत माझे पहिले सहा महिने गेले. मागच्या वर्षी आमच्याकडे एका समकालीन संगीतकाराची रचना वाजवायला आली. ती दुसऱ्या एका शहरातील गामेलानवर बसवलेली होती. स्वरलिपीतले आकडे तेच, वाद्यांची नावे तीच, लयही तीच. आम्ही ती बिनचूक वाजवली, आणि तालमीला आलेल्या संगीतकारांनी शांतपणे सांगितले की ही आपली रचना नव्हे. त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांच्या गामेलानमधील पेलोग या सात सुरांच्या स्वरव्यवस्थेचा चौथा सूर आमच्यापेक्षा चांगलाच चढा होता, आणि सबंध रचना त्या एका सुराभोवती फिरत होती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विचार घोळतो आहे. गामेलानसाठी आज जे नवे संगीत होते आहे, त्याला आपण 'रचना' म्हणतो तेव्हा नेमके कशाला म्हणतो? पियानोसाठी लिहिलेली रचना जगातल्या कोणत्याही पियानोवर वाजते. गामेलानच्या बाबतीत असे सगळीकडे सारखे, ठरलेले सूर मुळातच नाहीत.

ज्यांनी हे संगीत ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख देतो. गामेलान हे एका वाद्याचे नाव नसून अख्ख्या वाद्यमेळाचे नाव आहे. त्यात काशाच्या पट्ट्यांची वाद्ये, आडव्या मांडलेल्या घुमटाकार घंटांची रांग, टांगलेले गोंग, ढोल आणि जावामध्ये गजाने वाजवायचा रबाब, बासरी व गायनही असते. मुख्य स्वरव्यवस्था दोन. स्लेंद्रो पाच सुरांची, ज्यातली अंतरे जवळजवळ सारखी असतात. आणि पेलोग सात सुरांची, ज्यातली अंतरे उघडउघड असमान असतात. परंतु ही 'अंतरे' कुठल्याही ग्रंथात कायमची ठरवून दिलेली नाहीत. जावात सोलो शहराजवळच्या विरुन गावातला किंवा बालीत क्लुंगकुंगमधल्या तिहिंगान गावातला लोहार साधारण दहा भाग तांब्याला तीन भाग कथील घेऊन कांसे ओततो, ठोकून घडवतो, आणि मग तासून सूर लावतो. तो ज्या सुरांत लावेल ते त्या गामेलानचे सूर. एका संचातली पट्टी दुसऱ्या संचात घालता येत नाही. नव्या कांशाचा सूर अनेक वर्षे हळूहळू सरकत राहतो, म्हणून संच पुन्हा पुन्हा तासावा लागतो. जावात जुन्या संचांना 'क्याई' असा आदरार्थी उपसर्ग लावून व्यक्तीसारखे नाव देतात. ते मला पूर्वी केवळ श्रद्धेचे वाटत असे. आता वाटते की त्यात संगीताचा काटेकोर विचारही आहे, कारण प्रत्येक संच खरोखरच एकमेव असतो.

म्हणून माझे मत असे झाले आहे की गामेलानच्या आधुनिक इतिहासातले निर्णायक क्षण हे नव्या रचनांचे नसून नव्या संचांचे आहेत. १९१५च्या आसपास उत्तर बालीत गोंग कब्यार जन्माला आले, तेव्हा जुने, संथ, दरबारी गामेलान वितळवून त्याच कांशातून नवे, चपळ, लखलखीत आवाजाचे संच घडवले गेले. आज पर्यटक ज्याला 'प्राचीन बाली संगीत' समजून ऐकतात ते बहुतेक वेळा हेच कब्यार असते, आणि त्याचे वय आपल्या बोलपटापेक्षा फार तर दीड-दोन दशकांनी जास्त आहे. पुढे १९८०च्या दशकात ई वायान बराता यांनी सेमारांदाना नावाचा सात सुरांचा संच सिद्ध केला आणि तरुण बाली संगीतकारांना एकाच मेळात अनेक स्वरसमूहांतून फिरता येऊ लागले. हा माणूस स्वतः कब्यारचा मोठा रचनाकार होता, तरी माझ्या मते त्याची सर्वांत दूरगामी 'रचना' तो संच आहे.

जाणकारांनी मत मांडावे. पूर्णपणे विरोधी मतही चालेल.

समेवर_या

विषय आवडला. मी तबला शिकतो, त्यामुळे माझा प्रश्न सरळ आहे. चार वर्षे वाजवल्यावर तुम्हाला तिथे सम कुठे सापडली? मी काही ध्वनिमुद्रणे ऐकली, त्यात मोठा गोंग वाजला की मी सम धरतो आणि पुढच्या दोन ओळींत हरवतो. आणि नव्या रचनांत हे आवर्तन शिल्लक राहते, की तेही मोडीत काढले जाते?

कांस्यनाद

तुम्ही हरवता त्याचे कारण तुमचा कान नव्हे, तुमची मोजणी आहे. मीसुद्धा पहिले वर्षभर असाच हरवत होतो. आपण समेपासून मोजायला सुरुवात करतो: धा हा पहिला. जावात मोजणी गोंगपाशी येऊन संपते. चारचे गट असतात आणि वजन चौथ्या मात्रेवर असते, म्हणजे गटाचा पहिला सूर हलका आणि शेवटचा भारदस्त. केतावांग नावाचा आकृतिबंध १६ मात्रांचा आहे, आपल्या त्रितालाएवढाच. पण त्यात सोळावी मात्रा गोंगची असते. तुम्ही गोंगला 'एक' म्हणालात की सगळी इमारत एका मात्रेने सरकते. मी आता गोंगला 'सोळा' म्हणतो आणि मग सगळे जागेवर बसते.

याला जोडून एक गंमत सांगतो. जावानीज लोक ज्या स्वरलिपीत लिहितात तिला केपातिहान म्हणतात, कारण ती १९००च्या सुमारास सोलो येथील पतिहच्या, म्हणजे प्रधानाच्या, वाड्यावर आकाराला आली. सुरांना १ ते ७ आकडे, मंद्र सप्तकासाठी आकड्याखाली टिंब आणि तारसाठी आकड्यावर टिंब. भातखंडे यांची लिपी वाचणाऱ्याला हे टिंब शिकवावे लागत नाही. मूळ मात्र तिथे वेगळे आहे. ती युरोपातल्या आकड्यांच्या स्वरलिपीवरून घेतली गेली.

नव्या रचनांत आवर्तनाचे काय होते, याचे एकच उत्तर नाही. पाश्चात्त्य सवयीचा संगीतकार बहुधा गोंग पहिल्या मात्रेवर लिहितो आणि जावानीज वादकांच्या चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ उमटतो, हे मी स्वतः पाहिले आहे. काहीजण आवर्तन पूर्ण सोडून देतात. परंतु मला सर्वांत रंजक वाटतात ते आवर्तन ठेवून त्याची लांबी सतत बदलणारे, कारण तिथे ऐकणाऱ्याला गोंगची वाट पाहायला लावणे हेच मुख्य साधन बनते.

सूरपेटी

मी हार्मोनियम वाजवतो, म्हणून तुमची फजिती वाचून मला हसू आले आणि थोडे दुःखही झाले. आमच्या वाद्याचे सगळे आयुष्यच 'हे सूर आपले नव्हेत' या वाक्याखाली गेले आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केले ते या कारणावरून की तिच्या ठरीव बारा सुरांत मींड येत नाही आणि श्रुती बसत नाहीत. त्यानंतर काही दशकांनी साथीपुरते दार उघडले, पण वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली, ती याच दुखण्यावरचा इलाज म्हणून. तेव्हा 'रचना बदलण्याआधी वाद्य बदला' हा विचार मला परका वाटत नाही.

मात्र एक शंका आहे. आपल्याकडे वाद्य बदलण्यामागे एक आदर्श असतो: षड्जाशी शुद्ध जुळणारा गंधार, शुद्ध जुळणारा पंचम. तुमच्या वर्णनात असा आदर्शच दिसत नाही. लोहार लावेल तो सूर, असे असेल तर बेसूर कशाला म्हणायचे? माझ्या एका मित्राने बालीहून आणलेली फीत ऐकवली होती, तिच्यात प्रत्येक सूर थरथरत होता. मी प्रामाणिकपणे सांगतो, मला वाटले की फीत खराब झाली आहे.

कांस्यनाद

सूरपेटी, फीत उत्तम स्थितीत असणार. तुम्ही ऐकलेत त्याला बालीत 'ओम्बाक' म्हणतात, म्हणजे लाट.

बाली गामेलानमध्ये बहुतेक वाद्ये जोडीने असतात आणि जोडीतली दोन वाद्ये मुद्दाम एकमेकांपासून किंचित वेगळी लावलेली असतात. खालच्या आवाजाच्या वाद्याला पंगुम्बांग आणि वरच्याला पंगिसप म्हणतात. समजा एकाचा सूर सेकंदाला २२० कंपनांचा आहे आणि दुसऱ्याचा २२७. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला सात ठोक्यांची एक लाट ऐकू येते. कब्यारमध्ये ही लाट सर्वसाधारणपणे सेकंदाला पाच ते आठच्या घरात ठेवतात, आणि लोहाराचे खरे कसब असे की खर्जापासून तारेपर्यंत तिचा वेग शक्य तितका सारखा राहावा. लाट नसलेला सूर त्यांच्या भाषेत मेलेला. म्हणजे आदर्श आहे, तो फक्त दोन सुरांच्या मिलनाऐवजी त्यांच्यातल्या अंतरावर बेतलेला आहे. आपल्या तंबोऱ्याच्या जोडीत आपण जे ठोके विरून जाईपर्यंत खुंटी पिळतो, ते इथे मोजून मापून जपले जातात.

आता नव्या रचनांकडे येतो. ओम्बाक असल्यामुळे सिंथेसायझरवर बाली संगीत 'लिहून बघणे' जवळजवळ निरर्थक ठरते. त्यात कोतेकानची भर पडते. कोतेकान म्हणजे एक वेगवान सुरावट दोन वादकांत वाटून घेण्याची पद्धत. पोलोस वाजवणारा साधारणपणे ठोक्यावर राहतो, सांगसिह वाजवणारा मधल्या फटी भरतो, आणि ऐकणाऱ्याला एकच अखंड धार ऐकू येते, जी त्या दोघांपैकी एकालाही त्या वेगात एकट्याने वाजवता आली नसती. बालीत हे शिकवतात तेही कागदावरून नव्हे. गुरू समोरच्या बाजूने, उलट्या दिशेने वाद्यावर वाजवतो आणि शिष्य त्याच्या हातोडीकडे पाहून उचलतो. पद्धतीचे नावच 'मगुरु पांगुल' आहे. पांगुल म्हणजे वाजवण्याची हातोडी. गुरुमुखाऐवजी गुरूच्या हातोडीतून विद्या, असे म्हणा हवे तर.

देवा अलित यांचे काम मी धाग्यात मुद्दाम मागे ठेवले होते, कारण माझ्या मूळ म्हणण्याचा तो सर्वांत ठळक पुरावा आहे. अलित हे उबुदजवळच्या पंगोसेकान गावचे, जन्म १९७३. १९९७ मध्ये भावांसह त्यांनी चुदामणी हा गट उभा केला, जो आज पारंपरिक वादनासाठी जगभर ओळखला जातो. त्यानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांनी सालुकात नावाचा दुसरा गट स्थापन केला, आणि त्यासाठी संच नव्याने घडवून घेतला. त्याचे सूर पेलोग आणि स्लेंद्रो या दोन्हींचा एकत्र विचार करून त्यांनी स्वतः ठरवले. तो संच ज्या सुरांत आहे त्या सुरांत दुसरा संच नाही. म्हणजे त्यांच्या 'जेनेटिक' किंवा 'चेसिंग द फँटम' या रचना पृथ्वीवर एकाच ठिकाणच्या काशावर वाजू शकतात. २०२० आणि २०२२ मध्ये ही ध्वनिमुद्रणे एका ऑस्ट्रेलियन कंपनीने काढली आणि प्रयोगशील संगीत ऐकणाऱ्यांत ती बरीच पोहोचली. तरीही ती बसवण्याची पद्धत पाहा: पंगोसेकानचे तरुण वादक महिनोन्‌महिने सायंकाळी जमतात आणि हातोडीमागे हातोडी, पाठ करत जातात.

ऐकताना प्रथम असे वाटते की पाच-सहा वेगवेगळ्या घड्याळांच्या दुकानात आपण उभे आहोत. दोन गट वेगवेगळ्या लयींत चाललेले असतात, आणि एकदम, कोणतीही सूचना न देता, सगळे पंचवीस जण एका ठोक्यावर थांबतात. ते थांबणे मात्र शंभर टक्के कब्यारचे आहे.

उलटतपासणी

सगळे वाचले. लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण मला त्यातला उत्साह थोडा संशयास्पद वाटतो. 'समकालीन', 'प्रयोगशील', ऑस्ट्रेलियन कंपनी, युरोपातले श्रोते. आपल्याकडेही सतार आणि गिटार शेजारी बसवून 'फ्यूजन' म्हटले की परदेशी महोत्सवाचे निमंत्रण येते. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार द्यब्युसीने जावाचे वादक ऐकले आणि तेव्हापासून गामेलान हे युरोपीय संगीतकारांचे एक खेळणे झाले, असे वाचल्याचे स्मरते. मग हे 'नवे गामेलान' त्याच खेळाचा उलट प्रवास नाही कशावरून? गावातल्या देवळात सणाला जे वाजते त्याच्याशी याचा काय संबंध?

दूरदेशी

उलटतपासणी यांच्या आक्षेपाला दोन उत्तरे द्यावी लागतील. इंडोनेशियाचे उत्तर कांस्यनाद देतीलच. मी कॅलिफोर्नियात अनेक वर्षे काढली आहेत, त्यामुळे अमेरिकेची बाजू मांडतो. तिथले सगळेच गोरे लोक गामेलानला खेळणे समजत होते, असे म्हणता येणार नाही.

संगीतकार लू हॅरिसन (१९१७ ते २००३) यांचे उदाहरण घ्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि त्यांचे जोडीदार विल्यम कोल्विग यांनी घरीच एक वाद्यमेळ तयार केला. त्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, लोखंडी नळ्या, अनुनादासाठी पत्र्याचे डबे आणि चक्क कापलेले ऑक्सिजनचे सिलिंडर होते, जे बेसबॉलच्या दांडक्याने वाजवायचे. सूर त्यांनी शुद्ध गुणोत्तरांत लावले. सूरपेटी, इथे तुमचा आदर्श आहे: २:३ आणि ४:५, कसलीही लाट नाही. १९७२ मध्ये याच मेळासाठी त्यांनी 'ला कोरो सुत्रो' लिहिले, ज्याचा मजकूर म्हणजे आपल्या प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचे एस्पेरांतो भाषांतर आहे. भंगारातल्या सिलिंडरवर हृदयसूत्र, हे ऐकायला विनोदी वाटते. प्रत्यक्षात ते संगीत अत्यंत गंभीर आणि सुंदर आहे.

पण तोपर्यंत हॅरिसन प्रत्यक्ष जावानीज गामेलान शिकले नव्हते. ते घडले १९७५ मध्ये, बर्कलीत, आणि त्यांचे गुरू होते जावातल्या योग्याकार्ता शहराच्या पाकु आलामान राजवाड्याचे संगीतप्रमुख वासितोदिनिंग्रात, ज्यांना सगळे पाक चोक्रो म्हणत. गामेलानसाठी लिही, असे हॅरिसन यांना सांगणारे पाक चोक्रोच. म्हणजे परवानगी राजवाड्यातूनच आली होती. त्यानंतर हॅरिसन यांनी जावानीज गामेलानसाठी डझनावारी रचना केल्या. व्हायोलिन, चेलो आणि गामेलान यांचा १९८२चा दुहेरी कॉन्चेर्तो त्यातला सर्वांत परिचित.

आता मराठी वाचकांसाठी एक दुवा. ज्या अमेरिकन संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांच्या जागतिक संगीताच्या केंद्रामुळे ही भेट बर्कलीत होऊ शकली, त्याच ब्राउन यांनी १९७१ मध्ये पाकु आलामान राजवाड्यात पाक चोक्रो यांच्या वादकांकडून 'केतावांग पुष्पवर्ण' मुद्रित केले होते. १९७७ मध्ये व्हॉयजर यानांवर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर ते आहे. आणि त्याच तबकडीवर भारतातून निवडली गेली ती केसरबाई केरकरांची 'जात कहां हो', जिची शिफारसही ब्राउन यांचीच. व्हॉयजर-१ गेले त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. गोव्यातल्या केरीची गायिका आणि योग्याकार्ताचा दरबार सूर्यमालेबाहेर शेजारी आहेत ते एकाच माणसाच्या कानामुळे. 'पुष्पवर्ण' या नावाचा अर्थ तर भाषांतराशिवाय कळतो.

आणखी एक नाव घेतो आणि थांबतो. न्यूयॉर्कच्या बार्बरा बेनरी यांनी लोखंडी पट्ट्यांचा स्वस्त गामेलान स्वतः घडवला आणि १९७६ मध्ये 'सन ऑफ लायन' हा संगीतकारांचाच गट उभा राहिला. नाव म्हणजे त्यांच्या आडनावाचे हिब्रूतून केलेले शब्दशः भाषांतर. त्या कर्नाटक पद्धतीचे व्हायोलिनही शिकलेल्या होत्या.

कांस्यनाद

दूरदेशी, आभार. ब्राउन यांचा हा दुवा मला माहीत नव्हता.

उलटतपासणी, तुमचा प्रश्न रास्त आहे. इंडोनेशियात जे घडले ते युरोपच्या मागणीतून घडले नाही, असे मी का म्हणतो ते सांगतो. सोलोच्या कला अकादमीचे, म्हणजे तेव्हाच्या 'अस्की'चे, प्रमुख १९७५ पासून गेन्धोन हुमार्दानी होते. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला, तापट आणि आग्रही माणूस. परंपरा म्हणजे जुने तसेच वाजवणे हे त्यांना मान्य नव्हते, आणि विद्यार्थ्यांनी नवे काहीतरी करून दाखवलेच पाहिजे, असा त्यांचा धाक होता. १९७९ मध्ये जकार्ताच्या कला मंडळाने 'पकान कोम्पोनिस मुदा', म्हणजे तरुण संगीतकारांचा सप्ताह, सुरू केला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सोलोचा गामेलानवादक, बालीचा, बांडुंगचा आणि पाश्चात्त्य संगीत शिकलेला, असे चौघे एका व्यासपीठावर आले आणि प्रथमच एकमेकांचे नवे काम ऐकू लागले. श्रोते तेच, टीकाकारही तेच. रचनेनंतर चर्चा सक्तीची, आणि ती गोडगोड नसे.

त्यातून राहायु सुपांगाह (१९४९ ते २०२०) पुढे आले. सुपांगाह यांनी 'गारप' या जुन्या शब्दाला संगीतविचाराच्या केंद्रस्थानी आणून बसवले. जावानीज संगीतात बालुंगान नावाची एक सांगाड्यासारखी सुरावट असते. शब्दाचा अर्थही हाडे असाच. तिच्यावर रबाब, गेंदेर (पातळ पट्ट्यांचे वाद्य), गायिका, बोनांग (आडव्या घंटांची रांग) हे सगळे आपापल्या वाद्याच्या रीतीने मांस चढवतात. हे चढवणे म्हणजे गारप. ख्यालगायकाला सांगायचे तर बंदिश चार ओळींची असते आणि बढत गायकाची असते, तसे. फरक इतकाच की इथे पंधरा जण एकाच बंदिशीची बढत एकाच वेळी, एकमेकांना जागा देत करत असतात. सुपांगाह यांचे म्हणणे असे की नवे संगीत करायला नवा सांगाडा लागतोच असे नाही, गारप बदलला तरी संगीत नवे होते. २००४ मध्ये सिंगापूरला अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांचे 'ई ला गालिगो' हे इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरील बुगिस लोकांच्या महाकाव्यावरचे नाट्य उभे राहिले, त्याचे संगीत सुपांगाह यांचे होते. सुलावेसीची वाद्ये जावा-बालीच्या वाद्यांशेजारी बसवताना त्यांनी सगळ्यांना एका सुरात आणण्याचा हट्ट धरला नाही. माझ्या मूळ सिद्धांताला हे छेद देणारे आहे, हे मी मान्य करतो. त्यांनी संच बदलला नाही, वादकांचे परस्परांशी असलेले नाते बदलले.

दुसरे नाव ई वायान साद्रा (१९५३ ते २०११). मूळचे बालीतल्या देनपासारचे, आयुष्य सोलोत शिकवण्यात गेले. त्यांनी एका रचनेत गोंग जमिनीवरून ओढत नेला. वाचताना हा पोरकटपणा वाटेल. परंतु ज्या संस्कृतीत वाद्य ओलांडून जाणे हा अपमान मानतात आणि मोठ्या गोंगपुढे फुले व धूप ठेवतात, तिथे बाली घरात वाढलेला माणूस गोंग फरशीवरून खरडत नेतो, तेव्हा सभागृहात काय होत असेल याची कल्पना करा. त्या खरडण्यातूनही गोंग बोलतो, खोल आणि कण्हल्यासारखा. तो आवाज आधी कोणी संगीत म्हणून ऐकला नव्हता. हा धक्का युरोपीय श्रोत्याला अर्धासुद्धा कळणार नाही. तो घरच्याच माणसांसाठी होता.

देवळाशी संबंध काय, याचे उत्तर बालीत तरी सोपे आहे. वादक तेच असतात. शनिवारी देवळाच्या उत्सवात पारंपरिक वाजवणारा मुलगा सोमवारी नव्या रचनेच्या तालमीला येतो. शिवाय स्पर्धा हा तिथला जुना शौक आहे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या गोंग कब्यारच्या स्पर्धेचे नाव 'म्रदंग उत्सव' होते, म्हणजे अगदी आपलाच मृदंग आणि आपलाच उत्सव. आणि १९७९ पासूनच्या बाली कला महोत्सवात आजही दोन गट समोरासमोर बसवून एकाआड एक वाजवायला लावतात. तिथे प्रत्येक गट नवी रचना, म्हणजे 'क्रेआसी बारु', घेऊन येतो. समोरच्या गटाचे समर्थक आरडाओरडा करून चूक दाखवून देतात. ही मागणी पॅरिसहून आलेली नाही.

उलटतपासणी

गोंग ओढण्याचा मुद्दा पटला. देवघरातली घंटा फरशीवर घासत नेण्यासारखे आहे हे. आमच्या घरी कोणी केले असते तर संगीत ऐकायला मी शिल्लक राहिलो नसतो. पण मग मला उलट विचारायचे आहे. अलित यांच्या रचना फक्त एकाच संचावर वाजत असतील, तर त्या संचाबरोबर त्या मरणार. हे समकालीन म्हणून ठीक आहे का?

कांस्यनाद

मरणार, हे खरे आहे, आणि बालीत त्याची कोणाला फारशी खंत दिसत नाही. तिथे रचना जुनी झाली की पुढची पिढी तिच्यातले चांगले तुकडे उचलते आणि बाकीचे सोडून देते. कांसेसुद्धा वितळवले जाते. जतन करण्याची धडपड मला जास्त इथे, युरोपात दिसते. आमच्या गटाने शेवटी काय केले तेही सांगतो: संगीतकारांनी आमच्या संचासाठी तो चौथा सूर सोडून दिला आणि सबंध रचना सहाव्या सुराभोवती नव्याने मांडली. कागदावर ती आता वेगळीच दिसते. नाव मात्र त्यांनी तेच ठेवले आहे.

समेवर_या

गोंगला 'सोळा' म्हणून 'पुष्पवर्ण' पुन्हा ऐकले. तिसऱ्या आवर्तनापासून हरवलो नाही. पण मध्येच सगळे अचानक संथ झाले आणि वरची वाद्ये मात्र दुप्पट भरू लागली, तिथे हात मांडीवरून उचलावा लागला.

कांस्यनाद

त्याला इरामा बदलणे म्हणतात. सांगाडा निम्म्या वेगाने चालू लागतो आणि भरणारी वाद्ये त्याच वेगात राहतात, म्हणून दोन सुरांच्या मधली जागा दुप्पट होते. खूण ढोलवाला देतो, तेव्हा पुढच्या वेळी फक्त ढोल ऐका. नव्या रचनांत अलित यांच्याकडे जाण्याआधी हॅरिसन यांचा दुहेरी कॉन्चेर्तो ऐकावा, असे मी सुचवीन. व्हायोलिनमुळे कानाला धरायला काहीतरी मिळते. आणि अलित ऐकताना मोबाइलचा स्पीकर वापरू नका, त्यात ओम्बाकचा खालचा अर्धा भाग येतच नाही.

सूरपेटी

माझ्याकडून एक अहवाल. माझी हार्मोनियम दोन सुरीची आहे, म्हणजे प्रत्येक पट्टीला एकाच सुराच्या दोन सुऱ्या (नाद देणाऱ्या धातूच्या पातळ जिभा). दुरुस्तीला नेली होती, तेव्हा कारागिरांना विनंती केली की एका सप्तकात दुसरी सुरी जरा वर लावून द्या, सेकंदाला सात ठोके पडतील अशी, आणि सातही सुरांवर सातच. त्यांनी चाळीस वर्षे हे ठोके घालवण्यातच घालवली आहेत. आधी ते माझ्याकडे बघत राहिले. मग दोन दिवसांनी दूरध्वनी करून म्हणाले, "पाच सूर झाले, पण वरचा धैवत आणि निषाद ठोके धरत नाहीत, नऊवर पळतात. उद्या पुन्हा बसतो. लावण्याचे मी दोनशे रुपये घेतो. या बिघडवण्याचे किती घ्यायचे ते तुम्हीच सांगा."